घंटी वाजते, बोलत कोणी नाही

आमच्या घरी फोन आला तेव्हा मी त्या घरात येऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. सासूबाईंचा माझ्यावर अजून भरवसा बसायचा होता आणि फोनवर तर कधीच बसायचा नव्हता. लढाई संपली होती, स्वराज्य यायचं होतं. नंदुरबारला स्टेशनच्या अंगाला सासऱ्यांचं कापसाचं जिन होतं, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. जिनात फोन होताच. त्याचीच तार पुढे ओढून त्यांनी घरी दुसरा फोन बसवून घेतला. कशाला, ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही आणि कोणी विचारलं नाही.

भिंतीवर लाकडी पेटी, तिच्या बाजूला फिरवायचा दांडा, आणि कानातोंडाला लावायचं काळं भोंगं. तार एकच, फोन दोन. गावचे फोन जोडून देणाऱ्या पोस्टातल्या माणसाने घंटी दिली की ती दोन्हीकडे वाजायची. एक लांब घंटी म्हणजे जिनाचा फोन, दोन आखूड म्हणजे घरचा. आणि जिनातून कोणी दांडा फिरवला की पोस्टाला न विचारता थेट आमच्या ओसरीत घंटी. ऐकायला सोपं वाटतं ना? तुम्ही पोळ्या लाटता लाटता मोजून दाखवा! लांब कुठली, आखूड कुठली, मला तर शेवटपर्यंत कळलं नाही. सुरतेचे व्यापारी जिनाला फोन लावायचे आणि उचलायच्या सासूबाई. तिकडून कोणीतरी गुजरातीत बोंबलायचं, कापसाच्या किती गासड्या तयार आहेत? सासूबाई तितक्याच जोरात सांगायच्या, आमच्या घरात गासड्या नाहीत, बाजरी आहे, आणि ती विकायची नाही. असे नको असलेले फोन दिवसाला चार तरी यायचे आणि प्रत्येक वेळी सासूबाई भांडून खाली ठेवायच्या.

त्यात फोनला पाणी घालायचं काम माझ्याकडे आलं. खोटं नाही सांगत. अंगणात एक लोखंडी सळई ठोकलेली होती आणि तिच्यापासून तार फोनच्या पेटीत गेली होती. जमीन सुकली की आवाज बारीक होतो, रोज सळईपाशी पाणी घाला, असं फोन बसवणारा तारवाला सांगून गेला होता. म्हणून सकाळी एक तांब्या तुळशीला, एक तांब्या फोनला. शेजारच्या बाया कुंपणापाशी येऊन बघायच्या आणि विचारायच्या, काय गं, उगवला का? मी पदर तोंडात धरून हसायची. पाणी घातल्यावर आवाज मोठा का होतो हे मला तेव्हा समजलं नाही, आणि खरं सांगते, आजही नाही.

आता आमच्या घरची रीत सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. आम्ही तापीकाठचे गुजर. सुनेने सासऱ्यापुढे तोंड उघडं टाकायचं नाही आणि त्यांच्याशी बोलायचं तर मुळीच नाही. तेही सुनेशी बोलत नसत. घरात शिरताना दारात खाकरायचे, म्हणजे मी पदर ओढून आत पळायची. पाणी हवं असलं तर खांबाकडे बघून म्हणायचे, "घरमा कोनी शे का?" म्हणजे घरात कोणी आहे का. सासूबाई नसल्या तर मी दाराआडून बांगड्या वाजवायची. बांगड्या वाजल्या म्हणजे सून आहे, पाणी येईल. एवढंच आमचं बोलणं. ते रागीट नव्हते, वाईट तर अजिबात नव्हते. पण त्यांचा आवाज माझ्याकडे तोंड करून कसा येतो, ते मला माहीत नव्हतं.

सासूबाईंचे गुडघे दुखायचे. दुपारी त्या पडल्या की उठायच्या नाहीत. म्हणून त्यांनी मला फोनचा कायदा घालून दिला. घंटी वाजली की उचलायचा, कानाला लावायचा, आणि गप्प राहायचं. समोरचा पुरुष कोण असेल, काय सांगावं? आधी तो बोलू दे. परका असला तर मला उठव, आणि घरचा असला तरी मलाच उठव. मी मान डोलावली. कायदा सोपा होता.

दिवाळीनंतर कापसाचा हंगाम लागला. आमचे हे शहाद्याकडच्या गावागावांत कापूस घेत फिरायचे आणि आठवड्याकाठी घरी यायचे. सासरे सकाळपासून जिनात. आणि त्याच दिवसांत ते फोन सुरू झाले.

दुपारी घंटी वाजायची. मी धावत जाऊन उचलायची. कानाला लावायची. पलीकडे कोणी नाही! कोणी नाही म्हणजे, होतं कोणीतरी, श्वास ऐकू यायचा, मागे यंत्राची घरघर यायची, पण बोलणं नाही. मी थांबायची. तोही थांबायचा. मग खट्ट आवाज व्हायचा आणि सगळं बंद. मी भोंग्याकडे बघत उभी राहायची. माझं काही चुकलं का? उलटं धरलं का? कानाचं तोंडाला आणि तोंडाचं कानाला लावलं का? एकदा तर मी भोंगं उलटंसुलटं करून दोन्हीकडून ऐकून पाहिलं.

आतून सासूबाई ओरडायच्या, "कोन व्हतं?"

"कोनीच नही."

"मंग घंटी कोनी वाजाडी?"

रोज नाही, पण दोनेक दिवसांआड हे व्हायचंच. आणि गंमत अशी की सासूबाईंनी उचलला की फोन बरोबर बोलायचा. सासरे त्यांच्याशी बोलायचे, सुरतवाले बोलायचे, पोस्टातला माणूसही बोलायचा. मुका व्हायचा तो फक्त माझ्या हातात. अशा वेळी थोड्या वेळाने जिनातला हमाल निरोप घेऊन दारात हजर व्हायचा, चार पाहुणे जेवायला आहेत किंवा छत्री द्या. सासूबाई त्याच्यावर खेकसायच्या, घरात फोन असताना तुला पायपीट कशाला? तो सांगायचा, शेठ म्हणतात फोन बिघडेल शे, म्हणजे बिघडलेला आहे.

तर सासऱ्यांनीच धुळ्याहून तारवाला बोलावला. तो आला, पेटी उघडली, आतले बॅटरीचे सेल बदलले, तारा खरवडल्या, सळईजवळची माती उकरून तिच्यात मीठ कालवलं. मग जिनात माणूस उभा करून इकडून बोलून पाहिलं. आवाज खणखणीत! आमच्याकडे जेवला, दोनदा कढी मागून घेतली, आणि निघताना सासूबाईंना म्हणाला, "बाई, फोनमध्ये काही दोष नाही. उचलल्यावर बोलत नसेल तर कोणीतरी मुद्दाम करत असेल."

झालं! मेला कढी पिऊन गेला आणि माझ्या घरात आग लावून गेला. सासूबाई त्या दिवसापासून माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागल्या. फोन चांगला आहे. सून उचलते तेव्हाच कोणी बोलत नाही. म्हणजे त्यांनी ठरवलं, पलीकडे माझा कोणी यार आहे. माझं बोलणं आत ऐकू जाऊ नये म्हणून मी हळू बोलते, आणि वर म्हणते कोणीच नाही. कोण असेल? जिनात एक तरुण कारकून होता, नाकीडोळी नीटस म्हणे. मी त्याला आयुष्यात एकदा पाहिलं होतं, तेही पदराआडून, आणि पाहिले होते ते त्याचे चपला घातलेले पाय.

हे घरी आले तेव्हा यांच्या कानावर घातलं गेलं. यांनी मला विचारलं, "कोण असतं गं?" रागाने नाही, साधंच विचारलं, आणि तेच मला जास्त लागलं. मी म्हटलं, मला माहीत असतं तर सांगितलं नसतं का? हे म्हणाले, पण कोणीतरी असणारच ना. बरोबर होतं त्यांचं. कोणीतरी होतंच. मी रडले, मग रागावले, मग पुन्हा रडले, आणि शेवटी मलाच वाटायला लागलं की आपल्याला कोणी बोललेलं ऐकूच येत नसेल.

सासऱ्यांच्या कानावर मात्र सासूबाईंनी काही घातलं नाही. बायकांतली अशी गोष्ट पक्की होईपर्यंत पुरुषांना सांगायची नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी परस्पर माझ्या माहेरी, लोणखेड्याला सांगावा धाडला. सुनेचा भाऊ येऊ दे, तिला चार दिवस घेऊन जाऊ दे. चार दिवस म्हणजे काय, ते आमच्यात सगळ्यांना कळतं. अशा चार दिवसांनी माहेरी गेलेली माझी एक चुलत बहीण वडिलांच्या घरी भाकऱ्या थापत म्हातारी झाली.

भाऊ आला. ओसरीत बसला, पाणी प्यायला, आणि सासूबाईंनी त्याच्यापुढे सगळं मांडलं. "भाऊ, तुन्ही बहीनले घरी ली जा." तो बिचारा शेतकरी माणूस, फोन त्याने जन्मात पाहिला नव्हता. तो एकदा पेटीकडे बघायचा, एकदा माझ्याकडे. मी दाराआड गाठोडं बांधून उभी होते.

आणि घंटी वाजली.

सासूबाई म्हणाल्या, "उचल. उचल ना! भाऊच्या समोर उचल."

मी उचलला. कानाला लावला. श्वास. यंत्राची घरघर. बोलणं नाही.

माझं डोकंच फिरलं. कायदा गेला खड्ड्यात! मी भोंग्यात तोंड घालून ओरडले, "बोल ना मेल्या! तोंडात काय मिठाची गुळणी धरली का? रोज उठून घंटी वाजवतोस आणि मुक्यासारखा बसतोस, लाज नाही वाटत? तुझ्यापायी माझा संसार मोडायला लागलाय. माझा भाऊ मला न्यायला आलाय. मर्दाचा बच्चा असशील तर आता बोल, नाहीतर तुझ्या जिभेला किडे पडोत!"

भाऊ उभा राहिला होता. सासूबाईंचं तोंड उघडं ते उघडंच. मग पलीकडून कोणीतरी खाकरलं.

ते खाकरणं मी ओळखलं. घरात शिरताना दारात होतं तेच. मी भिंतीपुढेच पदर ओढून घेतला.

"बेटा," आवाज आला, "मी शे. तुन्हा सासरा."

मी भोंगं सासूबाईंच्या हातात कोंबलं आणि स्वयंपाकघरात जाऊन चुलीपुढे बसले. सासऱ्याला मेल्या म्हटलं. जिभेला किडे पडोत म्हटलं. आता चार दिवस नाही, जन्माचं माहेर.

अर्ध्या तासात ते टांग्याने घरी आले. दारात खाकरले. ओसरीत सासूबाई, माझा भाऊ, आणि हे सगळं पाहायला कुंपणापाशी जमलेल्या बाया. सासूबाईंनी विचारलं, मग आधी बोलला का नाहीत? दाराआडून मला सगळं ऐकू येत होतं. ते म्हणाले, फोन उचलला की नुसत्या बांगड्या वाजायच्या, बोलणं नाही. सून आहे हे कळायचं. सुनेशी कसं बोलू? वाटायचं, ती कोणाला तरी बोलावील. ती बोलावायची नाही, मग मी ठेवून द्यायचो. सुनेमुळे ठेवला असं कसं सांगू, म्हणून फोन बिघडलाय म्हणायचो, आणि तेच निभवायला तारवालाही बोलावला.

आणि मग ते माझ्या भावाकडे वळले. बायाबापड्यांसमोर, स्वतःच्या अंगणात उभे राहून म्हणाले, "ती ज्याले मेल्या म्हने, तो मेला मीच व्हतू. तिन्ही काही चूक नही."

भाऊ जेवून एकटाच परत गेला. सासूबाईंनी माझ्याशी आठवडाभर धड बोलणं केलं नाही, कारण मी त्यांच्या नवऱ्याला शिव्या दिल्या होत्या. ते खरंच होतं.

त्यानंतर कायदा बदलला. सासूबाईच म्हणाल्या, फोनवर तोंड कुठं दिसतं, बोला एकदाचं. सुरुवातीला सासरे नुसतं म्हणायचे, बेटा, चार भाकरी जास्त. मी म्हणायची, हो. मग हळूहळू वाढलं. कापसाचा भाव काय निघाला, मिरचीच्या बाजारात आज किती ठसका आहे, त्यांची आई त्यांना लहानपणी काय करून घालायची. फोनवर ते हसायचेसुद्धा. संध्याकाळी घरी आले की दारात खाकरायचे आणि मी पदर ओढून आत जायची. दुपारी माझ्याशी हसून बोललेला माणूस संध्याकाळी खांबाकडे बघून पाणी मागायचा. हा माणूस एकच की दोन, मला कधी उलगडलं नाही.

एक गोष्ट मला त्यांना विचारायची होती. त्या दिवशी मी बोलले ते त्यांना किती लागलं? आणि गावासमोर स्वतःला मेला म्हणवून घेताना त्यांना काय वाटलं? ते तसं बोलले नसते तर मी आज कुठे असते, हेही सांगायचं होतं. रोज फोन ठेवला की वाटायचं, उद्या विचारू.

स्वराज्य आलं, त्याच्या पुढच्या वर्षी त्यांना दम्याने धरलं. जिन आमच्या यांच्याकडे आलं आणि सासऱ्यांची खाट ओसरीत पडली, फोनच्या भिंतीलाच. दुपारी घंटी वाजायची, जिनातून हे बोलायचे. मी पेज करून उंबऱ्यावर ठेवायची आणि बांगड्या वाजवायची. ते खांबाकडे बघून मान हलवायचे. सासूबाई झोपलेल्या, घरात जागे आम्ही दोघंच, मधे एक दार. त्यांना बोलायचं होतं हे मला दिसत होतं, आणि मला काय बोलायचं होतं ते तर पाठच होतं. पण बोलणार कसं? फोनवर बोलायला दोघांपैकी एकाने बाहेर असावं लागतं. होळीच्या आधी ते गेले, तोपर्यंत एक दिवससुद्धा आम्हा दोघांतलं कोणी घराबाहेर गेलं नाही.