मँगनीज टाकण्याआधीच

मी नेमकं काय संशोधन करतो हे आमच्या घरात कुणालाच कळत नाही, आणि त्या दिवशी तर मलाही कळेनासं झालं. पन्नाशीला टेकलेला माणूस पीएचडी करतोय म्हटल्यावर चौलातलं निम्मं गाव गालात हसतं. उरलेलं निम्मं नात्यातलं, ते उघड हसतं.

काम सांगायला सोपं. चरबीच्या रेणूंचे डोळ्यांना न दिसणारे फुगे करायचे, त्यांच्या पोटात चमकणारं हिरवं रंगद्रव्य भरायचं, कातडीत एक प्रथिन बसवायचं. बाहेर मँगनीज टाकलं आणि प्रथिनानं ते आत नेलं, की चमक मंदावते. जितकी मंदावेल, तितका धातू आत गेला. प्रथिनाचा शेवटचा थेंबच माझ्याकडे उरला होता. चमक मोजणारं यंत्र उसनं, संध्याकाळी परत जाणारं. चमक उतरल्याचा आलेख नाही तर प्रबंध नाही, आणि मुदतवाढ आता कुणी देणार नव्हतं.

कॉलेजात गेल्या गेल्या फुगे केले, तो थेंबही घातला. रंग जरा फिका वाटला. म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. यंत्रात ठेवले, तर पडद्यावरची रेघ तळाला चिकटलेली. मँगनीज अजून बाटलीतच! दिवा तपासला, काच पुसली, शेवटी यंत्राला हात जोडले. प्रथिन न घातलेले फुगे लावून पाहिले. तेही काळोखे. यातच दिवस कलला.

तेवढ्यात आईचा फोन. "जेवलास का? पाणी तरी प्यायलास?"

"कुठलं पाणी?"

"तुझ्या पिशवीतल्या बाटलीतलं, दुसरं कुठलं! अर्धीच व्हती. मी वरपर्यंत भरून दिली. तांब्याच्या कळशीतलं हाय, रातभर ठेवलेलं. पोटाला बरं."

बाटलीत मी गॅरेजवाल्याकडून आणलेलं डिस्टिल्ड वॉटर होतं. सगळे फुगे त्याच पाण्यात केलेले. कळशीतून पाण्यात उतरलेलं तांबं तर ही चमक मँगनीजपेक्षा जोरात मारतं, आणि ते रंगाबरोबरच आत कोंडलं गेलं होतं.

"प्यायलास ना रं?"

"प्यायलो, आई."

"मग आवाज का असा?"

"भूक लागलीय."

फोन ठेवला आणि तरीही मँगनीज टाकलं. रेघेला खाली जायला जागाच नव्हती, हे मला कळत होतं. यंत्र न्यायला आलेली दोन माणसं खोकं घेऊन दारात उभी राहिली.

"सर, बंद करू?"

"पाच मिनिटं," मी म्हणालो, आणि पडद्यावरची नजर काढली नाही.