गजबज हवी की शांतता?

पंचवीस वर्षं तिनं लोकांना समुद्राकडे धाडलं, आणि स्वतः समुद्र पाहिला तो टेबलामागच्या कॅलेंडरात. सहलींच्या त्या ऑफिसात तिला सगळे बेटबाई म्हणत. डोंगर, तलाव, जुनी शहरं बाकीच्या टेबलांवर विकली जात. दूरच्या गरम समुद्रातली दोन बेटं मात्र तिची. माहितीपत्रकात त्यांची नावं चांगली लांबलचक होती, ऑफिसात नुसतं थोरलं आणि धाकटं. दोन जावांसारखे त्यांचे स्वभाव. थोरलं बोलघेवडं: किनाऱ्यावर दिवसभर गाणी, ढोल, बाजार, होड्यांच्या शर्यती. धाकटं घुमं: अकरा झोपड्या, माड, एक पायवाट, आणि गाडीचा भोंगा औषधालाही नाही.

गिऱ्हाईक समोर बसलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला. "गजबज हवी की शांतता?" यावर लोक हमखास खोटं बोलतात असं तिचं पक्कं मत होतं. दमलेला माणूस शांतता मागतो आणि दुसऱ्याच दिवशी कंटाळून तिथून फोन करतो. म्हणून ती पुढे सहज विचारल्यासारखं विचारी, "सुट्टीच्या दिवशी उठल्यावर आधी काय करता? रेडिओ लावता की खिडकी उघडता?" रेडिओवाले थोरल्यावर, खिडकीवाले धाकट्यावर. नवरा रेडिओवाला आणि बायको खिडकीवाली निघाली, तर ती दोघांना चहा पाजून डोंगरावर पाठवी. आपला अंदाज एकदाही चुकला नाही हे ती दिवसातून एकदा तरी ऐकवी, आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की मालकसुद्धा केबिनचं दार लोटून घेत.

नवरा तिच्या अगदी उलटा, मोजून चार शब्दांचा. ऑफिसपासून चार गल्ल्या सोडून त्याचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. स्क्रूड्रायव्हर, तेलाची कुपी आणि कान, एवढंच भांडवल, त्यातलंही खरं ते कानच. आलेल्या बाईला तो मशीन चालवायला लावी, डोळे मिटून ऐके आणि सांगे, "शटल सैल झालंय," नाहीतर, "सुई वाकलीय." रस्त्यापलीकडे मावशींचा शिवणक्लास होता. तिथल्या बारा मशीनींतली एखादी कुरकुरली, तरी हा इकडून ओरडे, "तेल घाला तिला!"

त्याच कानांबद्दल तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की आतली नस सुकत चाललीय, दोन्हीकडची. "यंत्र देते," त्या म्हणाल्या, "पण त्यानं आवाज मोठा होईल, शब्द नाही. चार-पाच महिने हाताशी आहेत असं धरा. गोंगाटात त्यांना काही कळायचं नाही. शांत जागी, समोर बसून बोलत चला."  जिना उतरताना तो म्हणाला, "चला, तुझ्या घोरण्यातून सुटलो." ती खळखळून हसली आणि पुढच्याच पायरीवर पदर तोंडाशी धरून उभी राहिली.

त्यानंतर तिला तिची रोजची भाषाच टोचायला लागली. आपल्या बोलण्यात कान किती वेळा येतात! कुणाच्या कानावर घालायचं, कुणाकडे कानाडोळा करायचा, कानाला खडा लावायचा, कानोसा घ्यायचा. असलं काही तोंडून निसटलं की ती जीभ चावी. तो मात्र काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं बसलेला असे. अलीकडे तर काहीही विचारा, "बरं." वरण करू का? बरं. उद्या लवकर उठायचंय, गजर लावा. बरं. आणि गजर लावलेला नसे.

अशात तिची नोकरीची पंचवीस वर्षं भरली. मालकांनी सगळ्यांसमोर गुच्छ दिला आणि दोघांसाठी आठ दिवसांची सहल जाहीर केली. "थोरलं की धाकटं, तुम्हीच ठरवा बेटबाई. यात तुमचा हात कोण धरणार?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनं मात्र वळून टेबलामागच्या कॅलेंडरात महिने मोजले.

कारण तिच्या लेखी ही सहल नव्हतीच. नवऱ्याच्या कानांना मिळणारा हा शेवटचा आठवडा होता. त्यात जे पडेल तेच त्याच्याजवळ जन्मभर राहणार, आणि ते काय असावं हे तिनं ठरवायचं होतं. थोरल्यावर नेलं तर ढोल होते, गाणी होती, कान भरून घेतील बिचारे. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, गोंगाटाचा नुसता काला होतो. धाकट्यावर लाटा, वारा, पाखरं आणि ती. तिचाच आवाज. हे शेवटचं मनात आलं की तिला आपलीच लाज वाटे, आणि तरी तेच तिला हवं होतं. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी ती रागाच्या भरात म्हणाली होती, "तुमच्याशी बोलण्यात काही अर्थ नाही." ते शब्द तिनं कधी परत घेतले नव्हते. ते घ्यायचे होते. घर त्यानं एकट्यानं रंगवलं तेव्हा 'छान झालंय' म्हणायचं राहून गेलं होतं, तेही म्हणायचं होतं. बसमध्ये, भाजी निवडताना, गिऱ्हाईकाचा अर्ज भरताना तिच्या मनात ही यादी चाले आणि संपतच नसे.

तिनं त्यालाच विचारून पाहिलं. भांडी लावता लावता, पाठमोरीच, आपला हुकमी प्रश्न टाकला, "रेडिओ की खिडकी?" आणि उत्तरासाठी मान वळवून पाहिलं.

"बरं," तो म्हणाला.

"अहो, बरं काय? या कानानं ऐकायचं आणि..." पुढचं तिनं गिळलं. हा माणूस आता तरी दोन शब्द बोलेल की नाही, म्हणून रागानं ताट आपटलं.

मग नणंदेचा फोन आला. वन्संच्या जिभेला हाड नव्हतं. "वहिनी, धाकट्या बेटावर नेऊ नकोस हो दादाला. शांतता काय करायचीय? ती आता जन्मभर पुरणारच आहे त्याला!"

"वन्सं, तुमचा भाऊ आहे तो."

"म्हणून तर सांगतेय."

तिनं फोन ठेवला आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडली. इतका मोठा नळ कशाला सोडायचा, बाहेर ऐकू जाणार होतं कुणाला, हे मनात आलं तेव्हा आणखीच रडली. रोज रात्री थोरलं ठरे, सकाळी धाकटं. पंचवीस वर्षं दुसऱ्यांचं बोट धरून वाट दाखवणारी बाई, आता स्वतःच्या पायांना वाट सुचेना. शेजारच्या टेबलावरच्या तिकीटवाल्यानं शेवटी निकराचं सांगितलं, "बेटबाई, शुक्रवारी पाचपर्यंत. बोट भरत आलीय. मग मला बोल लावू नका."

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत तिनं मन घट्ट केलं आणि अर्जावर 'धाकटं' लिहिलं. खाली दोघांच्या सह्या लागत होत्या. अर्ज पर्समध्ये घालून साडेचारला ती दुकानाकडे निघाली.

दुकानात समोरच्या मावशी आपली मशीन न्यायला आल्या होत्या. तो दाराकडे पाठ करून स्टुलावर बसला होता. त्यानं मशीनीच्या डोक्यावर तळहात ठेवला आणि पायडल मारलं. मशीन अशी खडखडली की काउंटरवरची बॉबीनची डबी नाचायला लागली. पायरीवर उभी असलेली तीसुद्धा सांगू शकली असती, आतलं शटल सुटलंय.

"झाली," तो खुशीत म्हणाला. "बघा, लोण्यासारखी चालतेय."

मावशींनी त्याच्याकडे पाहिलं, मशीनीकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या तिच्याकडे. "उद्या नेते हं," एवढंच त्या म्हणाल्या. तिच्या शेजारून जाताना त्यांनी तिच्या दंडाला हळूच हात लावला.

"अहो," ती म्हणाली.

लग्नापासून तिनं त्याला नावानं हाक मारली नव्हती. 'अहो' हेच नाव. रागाचं 'अहो' वेगळं, बाजारात चुकामूक झाल्यावरचं वेगळं, आजारपणातलं वेगळं, आणि प्रत्येकाला तो वेगळा वळे. तो वळला नाही.

"अहो!"

तो बॉबीनची डबी सरळ करत होता.

"अहो!!" ती ओरडली. रस्त्यावरचे दोघे थांबले, समोरच्या क्लासमधल्या मुली खिडकीशी आल्या. त्यानं डबी लावली, तेलाचा हात फडक्याला पुसला, आणि मग कुठे मागे बघितलं. ती दिसली तसा हसला. "अगं, कधी आलीस?"

ती समोर जाऊन बसली.  तिनं सावकाश, ओठ नीट उघडून विचारलं, "कधीपासून?"

तो तिच्या ओठांकडे पाहत राहिला. खोटं बोलायला त्याला कधी जमलंच नव्हतं. "महिना झाला."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तू म्हणत होतीस, अजून दोन महिने तरी आहेत. रोज कॅलेंडर बघत होतीस. तुझे महिने मोडवेनात गं मला."

तिची सगळी यादी छातीत जागच्या जागी थिजली. परत घ्यायचे शब्द परत घ्यायला आता जागाच नव्हती. गेला महिनाभर ती भिंतीशी बोलत होती, वर ताटंही आपटत होती. तिला वाटलं, इथंच जमिनीवर बसावं आणि परत उठू नये.

"शेवटचं काय ऐकू आलं?" तिनं विचारलं. त्याला कळलं नाही. तिनं पुन्हा विचारलं, एकेक शब्द तोडून. "माझं. शेवटचं. काय ऐकलंत?"

त्यानं आठवायचा प्रयत्न केला नाही. त्याला ते पाठ होतं.

"सहल जाहीर झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी. मी पेपर वाचत होतो. तू आतून विचारलंस, 'गजबज हवी की शांतता?' अगदी स्वच्छ ऐकू आलं. मला वाटलं, मलाच विचारतेयस. मी सांगायला आत आलो, तर तू फोनवर होतीस. गिऱ्हाईकाशी. थांबा म्हणून हात केलास." त्यानं तिच्यासारखाच हात करून दाखवला. "मग दुसऱ्या दिवसापासून..." त्यानं नुसती मान हलवली.

हात केल्याचं तिला आठवत नव्हतं. असे हात तिनं किती वेळा केले असतील.

"काय सांगायला आला होतात?"

"गजबज."

तिनं पर्समधला अर्ज काढून पुढे ठेवला. 'धाकटं' वाचून त्यानं तो तिच्याकडे परत सरकवला.

"तिथं अकरा झोपड्या," तो म्हणाला. "तूच लोकांना सांगतेस, दिवसभर माणूस दिसत नाही. माझं काय, मला दोन्ही सारखीच. पण आठ दिवस तिथं तू कुणाशी बोलणार? मी आपला नुसता बरं बरं करत राहणार. थोरल्यावर माणसं असतील. तू बोल त्यांच्याशी. मी बघत बसेन तू बोलताना."

तिनं अर्ज उलटा केला, सरळ केला. पेन हातात धरलं, पण अक्षर उमटेना. आणि तेवढ्यात पर्समध्ये फोन वाजायला लागला. तो वाजतोय हे तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं. "घे," तो म्हणाला.

तिकीटवाला होता. पाचला पाच मिनिटं कमी होती. रोज तिच्या तोंडून ऐकून ऐकून पाठ झालेला प्रश्न त्यानं तिच्याच सुरात, ऐटीत विचारला, "बोला बेटबाई, गजबज हवी की शांतता?"

तिनं फोन कानाला लावून नवऱ्याकडे तोंड केलं. तो ओठांकडेच बघत होता. डोळे वाहत होते ते तिनं पुसले नाहीत. होता नव्हता तेवढा सगळा आवाज काढून, प्रत्येक अक्षर दिसेल असं ती त्याला म्हणाली, "गजबज!"

"अहो, ओरडता कशाला?" तिकीटवाला पलीकडून हसला. "मला ऐकू येतंय."