सगळ्यांना बंद

वसमतला बसस्टँडासमोरच्या बोळात कॉम्प्युटर दुरुस्त करणारे एक दादा होते. आधी त्यांचं सांगते, मग माझं. उलटं केलं तर माझ्या रडगाण्यात ते राहून जातील. त्यांनी एका दुपारी स्वतःचा उघडलेला डबा परत झाकला आणि आमच्या शाळेतल्या एकेचाळीस पोरांची दहावी वाचवली. माझी खुर्चीही वाचली, पण ती त्यामागून.

मी कोकणातली. आठवीतून शाळा सुटली. नवऱ्याच्या नोकरीपायी हिंगोली जिल्ह्यात आले, तेव्हा इथली हवा कोरडी, बोली वेगळी आणि ओळखीचं कुणी नाही. कुरुंद्याच्या पुढे तांड्यांवरच्या लेकरांसाठी एक निवासी शाळा होती, तिथे स्वयंपाकघरात लागले. हिशेबाला, पत्रांना एक क्लार्क होता. दुपारची भांडी झाली की त्याच्या मागे उभी राहून मी कॉम्प्युटर बघायचे. तो नोकरी सोडून गेला, तेव्हा शाळेत मशीन चालवू शकणारी मीच उरले. मुख्याध्यापकांनी मला खुर्चीवर बसवलं. इंग्रजी मी अक्षरं जुळवून वाचायचे आणि अर्थ अंदाजानं लावायचे. वर्षभर त्या खुर्चीच्या कडेलाच बसत होते. कुणी येऊन 'ऊठ' म्हटलं तर पटकन उठता यावं म्हणून.

कॉम्प्युटर एक आणि वापरणारे चौघे: मुख्याध्यापक, वसतिगृहाचे अधीक्षक, खेळाचे सर आणि मी. प्रत्येकाचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा. पण वायरनं जोडायची जी डिस्क होती, ती कुणाच्याही नावानं उघडायची. पोरांच्या दहावीच्या फॉर्मची सगळी माहिती तिच्यात होती. फोटो मीच काढले होते, सह्या मीच स्कॅन केल्या होत्या. दिवाळीच्या सुट्टीआधी खेळाच्या सरांनी तिच्यात गाणी भरताना एक फोल्डर पुसलं. नशिबानं ते जुनं होतं. मुख्याध्यापक चिडले.

"बाई, त्या डिस्कला सगळ्यांना बंद करून टाका. काम झाल्याबिगर कोणी हात लावायचा न्हाई."

मी "हो सर" म्हटलं. क्लार्कनं एकदा दाखवलेली ती खिडकी उघडली. वर नावांची यादी, खाली दोन रांगांत चौकटी, एक अलाऊची, म्हणजे उघडू द्यायची, आणि एक डिनायची, म्हणजे नाही म्हणायची. यादीत 'एव्हरीवन' होतं. एव्हरीवन म्हणजे सगळे, हे मला येत होतं. मी त्याच्यापुढे डिनायच्या सगळ्या चौकटींत खुणा केल्या. मशीननं इंग्रजीत दोन ओळी विचारल्या. मशीन सारखंच काही ना काही विचारतं. मी 'यस' दाबलं.

मग सुट्टी लागली. पोरं तांड्यांवर गेली. बऱ्याच जणांचे आईबाप ऊसतोडीला निघाले होते, पोरंही त्यांच्याबरोबर गेली. कॅमेऱ्यातले फोटो मी पुसून टाकले होते, डिस्कमध्ये आहेत म्हणून.

सुट्टी चालू असतानाच, फॉर्म द्यायच्या आदल्या दिवशी सकाळी छापायला बसले. डिस्क जोडली, दाबलं. 'अॅक्सेस इज डिनाइड.' परत दाबलं. तेच. माझ्या नावानं, मग मुख्याध्यापकांच्या नावानं. त्यांचा पासवर्ड माझ्याकडे असायचा. तेच. ते स्वतः घरच्यांना घेऊन औंढ्याला दर्शनाला गेले होते, फोन लागेना.

माझी दहावी झाली नाही ती परिस्थितीनं. या एकेचाळीस जणांची जाणार होती ती माझ्या बोटानं. कुठल्या फडावर शोधायची पोरं? कुणाचा फोटो कुठून आणायचा?

खेळाचे सर डोकावले. "काय झालं, कोकणवाल्या बाई?"

"डिस्क उघडत नाही."

"एवढंच व्हय? फॉरमॅट मारा. बराबर होते."

"फॉरमॅट म्हणजे सगळं जातं ना, सर?"

"जाते, पन डिस्क तर चालू होते!"

त्यांनी माऊसला हात घातला. मी वायर उपटली. मोठ्या माणसाच्या हातातलं काही असं मी कधी ओढलं नव्हतं. डिस्क स्वयंपाकघरातल्या धुतलेल्या फडक्यात गुंडाळली आणि वसमतच्या काळीपिवळी जीपमध्ये बसले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीनची मळणी चालू होती, भुसा उडत होता. मी डिस्क पदराखाली धरली होती. मनात एकच: आज संध्याकाळी सरांना काय सांगू, आणि त्या पोरांच्या आयांना काय सांगू.

बोळात पोचले तेव्हा दादा जेवायला बसत होते. भाकरी मोडलेली, वरण ओतलेलं. मला बघून म्हणाले, "ताई, काहून रडून राहिल्या? बसा आधी. पानी प्या."

मी पाणी न पिताच सांगत सुटले. त्यांनी हात धुतला, डबा झाकला आणि डिस्क त्यांच्या मशीनला लावली. तेच वाक्य तिथेही आलं.

"मेली ना डिस्क?" मी विचारलं.

"डिस्क धडधाकट हाय. कुलूप लागलंय. कुणी लावलं?"

"मी. सगळ्यांना बंद केलं, सरांनी सांगितलं तसं."

"सगळ्यांना?"

"हो."

"मंग त्या सगळ्यांत तुमी न्हाई का, ताई?"

खरं सांगते, माझ्या डोक्यात तो विचार आलाच नव्हता. आमच्या घरी 'सगळे जेवले' म्हणजे मी सोडून सगळे जेवले. शाळेत रोज दोन्ही वेळा मी हेच ओरडायचे, "सगळ्यांचं झालं का?" आणि मग माझं ताट घ्यायचे. 'सगळे' म्हणजे समोर बसलेले. वाढणारी त्यात कधी नसतेच.

मी हे अडखळत सांगितलं. ते हसले नाहीत. पडद्यावरची यादी दाखवत म्हणाले, "मशीनच्या पंगतीत वाढणारीबी धरतात. आन हे डिनाय अलाऊच्या वर असते. एकदा न्हाई म्हनलं की न्हाईच. तुमाला त्यानं विचारलं असंल, कोणीच उघडू शकनार न्हाई, फक्त मालक कुलूप काढंल, चालते का म्हणून."

"विचारलं होतं. मला वाचता आलं नाही."

"मंग मालक कोण ते बघू."

मालक म्हणून मशीन चालवणाऱ्या मुख्य खात्यांचा गट होता, आणि तसलं खातं त्यांच्या मशीनवरही होतं, म्हणून कुलूप तिथूनही काढता येत होतं. त्यांनी एव्हरीवनपुढच्या खुणा काढल्या. डिस्कमध्ये बरंच काही होतं, म्हणून हिरवी पट्टी सरकत राहिली. मी डोळे मिटले. देवाचं नाव घ्यायचं सुचलं नाही, पोरांचे हजेरी नंबर म्हणत होते.

"बघा."

पहिला फोटो उघडला. तेल लावून चापून भांग पाडलेली एक पोरगी कॅमेऱ्याकडे घाबरून बघत होती. मग दुसरा, मग तिसरा. एकेचाळीसही मी मोजले.

मग त्यांनी मला माऊस धरायला लावला. "एव्हरीवन काढून टाका यादीतून. ज्यांना वाढायचं त्यांचीच नावं लिवा. आधी तुमचं. मंग सरांचं. बाकीच्यांना न्हाई म्हनायची गरजच न्हाई. नाव न्हाई, पान न्हाई." ही नावं शाळेच्या मशीनवर कशी घालायची ते माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. पैसे विचारले तर म्हणाले, "पोरं पास झाली की पेढा द्या."

फॉर्म दुसऱ्या दिवशी वेळेवर गेले. मुख्याध्यापकांना मी सगळं सांगितलं. ते बोलले, पण खुर्ची काढून घेतली नाही. पुढे निकाल लागला, पेढे दिले. दादा ते विसरूनही गेले होते.

मी विसरले नाही. त्या दिवशी निघताना मी मागे वळून बघितलं होतं. वरणावर साय धरली होती, भाकरी वाळून वाकडी झाली होती. स्वयंपाकघरात राबलेल्या बाईला ते दिसतंच. पेढ्यानं ते फिटलेलं नाही. दादा, एक दिवस तुम्हाला आमच्या कोकणातल्या घरी नेईन, तांदळाची गरम भाकरी आणि सोलकढी करीन. आणि त्या दिवशी सगळ्यांना वाढून झाल्यावर मागे उभी राहणार नाही. माझंही पान तुमच्याच पंगतीत मांडीन.