झाकणाचं भोक

ये वं, कागद हातात घेतलास ना, मग अशी जवळ सरक. पुण्याला गेल्यापासून तुला काकूची आठवण लोणचं संपलं की येते, हे मला कळत नाही असं समजू नकोस. दिवाळीला आलीस तीही दोन दिवस, त्यात दीड दिवस फोनवर. पण जाता जाता एक गोष्ट विचारून गेलीस, की काकांनी गाडी सुरू केली की तू धावत जाऊन सीटखाली हात काहून घालतेस? मी हसून टाळलं. ते समोर उभे होते.

ही तुझ्या आजोबांची मोटरसायकल. रिटायर झाल्यावर काकांनी ती गावाहून आणली आणि चौकातल्या मिस्त्रीच्या मदतीनं उभी केली. गाडी गुणाची, पण तेल गाळायची. इंजिनाच्या पोटातून एक रबरी नळी निघते, तिच्यातून आतली हवा बाहेर येते आणि हवेबरोबर तेलही. उभी राहील तिथं फरशीवर काळा डाग. मी रोज घासायची आणि रोज बोलायची. शेवटी दोघांनी डोकं चालवलं. जाड नळी लावून ती सीटखाली नेली आणि तिथं माझ्याच स्वयंपाकघरातली प्लास्टिकची बरणी बसवली. तेल बरणीत साचणार, फरशी कोरडी राहणार. मला एवढंच सांगितलं. झाकणाला वर एक भोक पाडलं होतं, त्याबद्दल कोणी काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका नरखेडकडच्या बागेत संत्र्याचा बहार बघायला निघणार होते. अंगात नवी फिकट पॅन्ट. ते आंघोळीला गेले तेव्हा मी बरणी बघितली आणि ते भोक दिसलं. म्हटलं, झालं! घाईत राहून गेलेलं दिसतं, आता हे तेल उडून पॅन्टवर येणार. तुला एसटीनं लोणचं पाठवते तेव्हा बरणी कशी बंद करते, माहीत आहे ना? मेणबत्ती वितळवून मेण ओतायचं, वर चिकटपट्टीचे तीन वेढे. तसंच केलं. आणि सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर म्हणाले असते, माझ्या गाडीला हात लावू नको.

ते गेल्यावर अर्ध्या तासानं मिस्त्री दारात आले.

"वहिनी, निघाले का भाऊ? त्याईले म्हणायचं होतं, झाकणाचं भोक अजून थोडं मोठं करू."

मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "ते भोक तं मी बुजवलं. मेणानं. थेंब नाही सांडणार आता."

त्यांचा चेहरा उतरला. "अरे देवा. वहिनी, इंजिन त्या भोकातून श्वास घेते. हवेले जागा नाही भेटली तं ती नळी फेकून देईन, नाही तं सील फोडून तेल बाहेर काढीन. अन् ते सारं मागच्या चाकावर..."

तेलानं चाक घसरणार, हे मलाही कळलं.

मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. असा आठ-दहा वेळा लावला असेल आणि मग एकदम हात थांबला. गाडीवर फोन घ्यायचा नाही, ही शपथ मीच घातली होती. पण इतक्या वेळा वाजतोय म्हणून त्यांनी चालवता चालवता खिशात हात घातला तर? लावला तरी भीती, नाही लावला तरी भीती. मिस्त्री आपली गाडी काढून काटोल रोडला मागं धावले. मी फाटकाशी बसले. मनात वाटेवरची गावं मोजत होते, फेटरी गेलं असेल, कळमेश्वर गेलं असेल. रस्त्यावरून जाणारी प्रत्येक मोटरसायकल त्यांचीच वाटायची. आणि नखात ते मेण तसंच होतं. काडीनं काढलं तरी निघेना.

मग अनोळखी नंबरावरून फोन आला. तुला सांगते, तो दवाखान्यातूनच असेल असं वाटलं, तरी उचलला.

"काहून इतके फोन करून राहिली वं? वाजून वाजून बॅटरी गेली माझी!" त्यांचा आवाज!

"कुठं आहात तुम्ही?"

"टपरीवर. याच्या फोनवरून बोलून राहिलो. वळणावर मागचं चाक सरकलं, गाडी गवतात गेली. काही नाही, गुडघा खरचटला. मागून ट्रक होता, पण थांबला बिचारा."

'पण थांबला' हे त्यांनी चहात साखर कमी होती म्हणावं तसं म्हटलं.

दुपारी गाडी टपरीवर ठेवून एसटीनं आले. पॅन्टचा एक पाय पोटरीपर्यंत काळा, हाताला खरचटलेलं. पाठोपाठ मिस्त्री. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. काही सांगणार नव्हते ते. हे खाटेवर बसून स्वतःचे हात उलटेपालटे करून बघत होते.

"नळीची क्लिप माझ्याच हातानं ढिली राहिली असन गा," मिस्त्रीला म्हणाले. "आता या हातांचा भरोसा नाही. गाडी काढून टाकू."

मी चूप राहिले असते तर गाडी गेली असती. मला तेच तर हवं होतं! पण त्या हातांकडे बघवेना.

"क्लिप नाही," मी म्हटलं. "झाकणाचं भोक मी बुजवलं होतं. मेण ओतून."

त्यांनी हातांवरून नजर काढून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "वरून चिकटपट्टीपण?"

"तीन वेढे."

"म्हणजे तू माझ्या इंजिनाचं लोणचंच घातलं वं!" आणि हसायला लागले. मिस्त्रीही हसले. मी पदर तोंडाला लावून रडले. तो ट्रक माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. अजूनही हलत नाही.

आता दोघांनी झाकणाला जाड नळी लावली आहे, फरशीही कोरडी राहते. तरी गाडी सुरू झाली की मी सीटखाली हात घालून त्या नळीच्या तोंडाशी तळहात धरते. गरम फुंकर लागली की मगच "या" म्हणते. ते गेले की ते पोचल्याचा फोन येईपर्यंत मी जेवायला बसत नाही. हे त्यांना सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

फक्त तू घरी असलीस की ते गाडी तुला सुरू करून दाखवतात तेवढीच, फाटकाबाहेर नेत नाहीत, तुझ्याशी गप्पा मारत बसतात. म्हणून म्हणते, लवकर ये गं बाई. आणि या वेळी चांगले आठ दिवस राहा.