मथुराचे तळपाय

मथुरा माझ्याकडे चौथीपर्यंत शिकली. पाढे तिला कधी पाठ झाले नाहीत, पण वर्गात हरवलेली पेन्सिल कुणाच्या दप्तरात आहे, हे ती बसल्या जागेवरून सांगायची. आता पन्नाशी ओलांडली आहे. नवरा सदू मुंबईत एका सोसायटीत वॉचमन. गावात एक गाय, थोडी भातशेती आणि म्हातारी सासू ती एकटी सांभाळते.

गेल्या शिमग्याच्या आधी तिला ताप भरला. त्या दिवसांत ती सकाळी रानातून पातेरा आणत होती. झाडाखालचा हा वाळका पाला भाजावळीला लागतो. तो जाळलेल्या जमिनीत भाताची रोपं चांगली येतात. दुपारी ती ओले काजूगर सोलायची. त्या काजूच्या चिकानं हात पोळतात म्हणून बोटांना राख चोळते, तरी तळहातांची साल निघतेच.

चौथ्या दिवशी तळहातांवर तांबडे ठिपके उठले. शेजारच्या दमयंतीनं दारातूनच पाहिलं आणि काजू लागलाय म्हणून सांगितलं. नाक्यावरच्या डॉक्टरांनी हातांना मलम दिलं आणि तापाला गोळ्या. त्यांच्या मते ही दोन वेगळी दुखणी होती. सदूनं फोनवर लेप्टोची, म्हणजे पावसाळ्यात शेतातल्या पाण्यातून होणाऱ्या तापाची, शंका काढली, पण फाल्गुनात शेतात पाणी कुठलं? सासूला देवीचं काही राहून गेलंय असं वाटत होतं. मीही, गोवर मोठेपणीसुद्धा होतो, असं सांगून आलो. मथुरानं सगळ्यांचं ऐकून घेतलं. सहाव्या दिवशी तिला उठून गाईला पाणी दाखवता येईना, आणि मी समोर बसलेला असताना तिनं मला सदू म्हणून हाक मारली. तेव्हा मी घाबरलो.

रिक्षा करून दमयंतीनं आणि मी तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर मृणाली वयानं लहान होत्या. हात पाहून त्यांनीही काजू सोलता का विचारलं. दमयंतीनं हो म्हटलं. मथुरा डोळे मिटून पडली होती, ती तशीच बोलली.

"मी काजू हातानी फोडतंय, बाय. पायानी नाय."

आणि तिनं पांघरुणातून पाय बाहेर काढले. तळपायांवर तेच ठिपके होते. सहा दिवसांत आमच्यापैकी कुणी तिचे पाय पाहिले नव्हते.

डॉक्टरांनी गाईचं विचारलं, रानाचं विचारलं, रक्त घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू केलं. गोचिडीचा ताप वाटतो, म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. मथुरानं आधी गाईची चौकशी केली, मग पेज मागितली.

पण गोचिडीचं तिला पटेना. लहानपणापासून ती गाईच्या कानामागच्या गोचिडी काढून नखानं फोडत आली आहे. एकही चावली असती तर कळलं नसतं का? डॉक्टरांनी सांगितलं, पाल्यातली पिल्लं तिळाएवढी असतात, चावलेलं कळतही नाही. आणि फोडू नका, त्यानंही लागण होऊ शकते.

दहा दिवसांनी रिपोर्ट आला. त्यात नक्की सांगता येत नाही असं होतं. मथुरा तो घेऊन माझ्याकडे आली. मी दोनदा वाचून दाखवला.

"मग मला झालं व्हतं काय, गुरुजी?"

मी म्हटलं, औषध लागू पडलं, त्यावरून गोचीडच असावी. आजाराच्या सुरुवातीला कधी कधी तपासणीत दिसत नाही.

"म्हंजे होय का नाय?"

मी रिपोर्ट तिसऱ्यांदा वाचायला घेतला.

यंदाही ती पातेऱ्याला जाते. साडीखाली सदूची जुनी पॅंट घालते, आल्यावर कढत पाण्यानं अंघोळ करते. गाईच्या गोचिडी चिमट्यानं काढून रॉकेलच्या डब्यात टाकते. मग ओटीवर बसून दमयंतीपुढे तळपाय करते. दमयंती म्हणते, ठिपके दिसायला लागले म्हणजे चावून कधीच झालेलं असणार गो, आता बघून काय उपयोग?

मथुरा म्हणते, असू दे, तू बघ.