थोरल्या साडूंचा समुद्र

देवाने समुद्र केला, किनाराही केला. पण त्यातला कुठला किनारा बायकापोरांना घेऊन जाण्याच्या लायकीचा आहे, हे ठरवायचं काम त्याने माझ्या थोरल्या साडूंवर सोपवलं. निदान आमच्या सासरी सगळ्यांची तशी ठाम समजूत आहे. डहाणूपासून अर्नाळ्यापर्यंतचा एकही किनारा त्यांनी तपासल्याशिवाय सोडलेला नाही. दर हिवाळ्यात आमची तीन घरं मिळून दोन दिवस समुद्रावर जातात आणि कुठे जायचं ते साडूभाऊ दिवाळीनंतर जाहीर करतात. तोवर कुणी तोंड उघडायचं नाही. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी भाबडेपणाने विचारलं होतं, "गोव्याला जाऊ या का?" साडूभाऊंनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि माझ्या बायकोला म्हणाले, "शिकतील हळूहळू."

बोईसरच्या एका कारखान्यात त्यांची सगळी नोकरी माल तपासण्यात गेली. निवृत्त झाले, पण तपासणी काही सुटली नाही. माल संपला म्हणून समुद्र घेतला, एवढंच. त्यांच्या कारखान्याचा जुना वॉचमन मला एकदा चहाच्या टपरीवर भेटला. साडूभाऊंचं नाव काढताच हात जोडून म्हणाला, "साब तो समंदर को भी रिजेक्ट कर देते हैं!" खोटं नाही. एका नावाजलेल्या किनाऱ्याला त्यांनी सहा मिनिटांत नापास केलेलं मी पाहिलंय. त्यांची पद्धत अशी, की किनाऱ्यावर डोळे मिटून तासभर बसायचं आणि कानावर पडेल ते वहीत लिहायचं. लाट, वारा, कावळे, झावळ्यांची सळसळ हे सगळं चालतं. घोड्याच्या गळ्यातली घुंगरंही एखाद्या वेळी चालतात. भोंगा वाजला की वही बंद आणि स्कूटर चालू. पण हेही नंतर. "समुद्र कुठे पळून जात नाही," ते म्हणतात, "आधी संडास दाखवा." मुक्कामाची सोय करणारा एखादा उत्साही गृहस्थ गच्चीवरून सूर्यास्त दाखवायला जिना चढू लागतो आणि मागे वळून बघतो, तर साडूभाऊ खाली न्हाणीघरात पाणी ओतून, फरशी घसरते का ते अनवाणी पायाने बघत असतात.

भरतीचं गणित तर त्यांच्या बोटांवर. त्यासाठी मोबाइल काढला की त्यांना राग येतो. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. आता हे गणित किनाऱ्यावर सगळ्यांनाच येतं. पण पाणी नेमकं कुठपर्यंत येईल ते आधीच काठी रोवून दाखवणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. एकदा मी त्या काठीपाशी मुद्दाम उभा राहिलो, चूक पकडायला. लाट आली, काठीला शिवली, माझे अंगठे ओले करून परत गेली. त्या दिवसापासून मी माझं हसणं जरा आवरतं घेतलं.

दोन वर्षांपूर्वी सासूबाई घरात घसरून पडल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्या मनोरला, माझ्या मेव्हण्याच्या घरी, खिडकीपाशी बसून राहिल्या. त्यांचं माहेर एडवणचं. खाऱ्या वाऱ्यात वाढलेल्या बाईला आता दिवसभर हायवेवरचे ट्रक दिसायचे. एक दिवस साडूभाऊंना म्हणाल्या, "जावयबापू, मना आता काय नको. एकदा दर्याच्या पान्यात पाय भिजवायचेत. मंग सुटले." आम्ही सगळे हळहळलो. साडूभाऊंनी वही काढली.

त्या दिवाळीनंतर ते कुणाचा तरी वॉकर मागून आणून एकेका किनाऱ्यावर सासूबाईंच्या चालीने चालले. एका गावात मासळी सुकवणाऱ्या बायका कळवळून धावल्या, "काका, कवा पडलास रं?" "पडलो नाही, पाहणी करतोय," साडूभाऊ म्हणाले. "डोक्यावर पडलाय वाटतं," दुसरी हळूच म्हणाली. हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं, तेही अगदी गंभीरपणे. मग स्कूटरला पांढरी प्लास्टिकची खुर्ची बांधून फेऱ्या सुरू झाल्या. खुर्ची वाळूत ठेवायची, स्वतः बसायचं, उठायचं आणि तिचे पाय किती रुतले ते पट्टीने मोजायचं. माहेरचा किनारा म्हणून एडवणला सवलत नव्हती. तोही तीनदा तपासला. तिथे सुरूच्या झाडांखाली वाळू घट्ट होती, गाडी जवळ येत होती, गलका नव्हता. आणि पौर्णिमेनंतरच्या प्रतिपदेला, उधाणाच्या भरतीला, दुपारी पाऊण वाजता पाणी थेट तिथपर्यंत येणार होतं. "आईंनी एक पाऊलही चालायचं नाही," साडूभाऊ म्हणाले. "समुद्र त्यांच्याकडे येईल."

आणि मग मी घोळ घातला. ती प्रतिपदा आली शनिवारी, आणि त्या दिवसाची माझी रजा नामंजूर झाली. मी फोन करून म्हणालो, "साडूभाऊ, एक आठवडा पुढे ढकलू या."

"पुढच्या शनिवारी अष्टमी आहे," ते म्हणाले. "भांगाची भरती. पाणी वर चढत नाही. खालीच राहतं, आणि खाली सगळा चिखल."

"अहो, आठवड्याभरात समुद्र काय आटतोय?" मी हसलो. "आणि मी नसलो तर आईंना वाटेल, धाकट्याला आपल्यासाठी सवड नाही."

पलीकडे वहीची पानं उलटली. मग म्हणाले, "बरं. सगळे असले पाहिजेत, हे खरं." त्या आवाजात काय होतं ते ओळखण्याइतका मी शहाणा असतो तर पुढचं काही झालंच नसतं. नंतर कळलं, त्या आठवड्यात अष्टमीलाही चालेल असा किनारा शोधत ते चिंचणीपासून सातपाटीपर्यंत वणवण फिरले. मिळाला नाही.

शेवटी एडवणलाच गेलो. शनिवारी संध्याकाळी सासूबाई ठेवणीतलं पातळ नेसून सुरूखाली खुर्चीत बसल्या. चपला काढून बाजूला ठेवल्या. आम्ही सगळे मागे उभे. सहा वाजले. भरती आली ती शंभर पावलांवर थांबली आणि तिथेच रेंगाळली. सूर्य टेकायला आला.

"जावयबापू, पानी कवा येल?"

मी मान खाली घातली. आता साडूभाऊ सगळ्यांदेखत माझं नाव घेणार, आणि खरं तर त्यांनी ते घ्यायलाच हवं होतं. ते खुर्चीपाशी वाकले.

"आई, पाणी इथवर येणार नाही. माझा हिशोब चुकला."

मेव्हणीबाई नवऱ्याकडे अशा बघत राहिल्या, की हा माणूस कोण?

"एवढा वहीवाला मानूस नि चुकला?" सासूबाई म्हणाल्या. "आता काय मी हितूनच दर्याच्या पाया पडू?"

"धरा हो," साडूभाऊ मला म्हणाले. आम्ही दोघांनी सासूबाईंसकट खुर्ची उचलली. पोटऱ्यांपर्यंत चिखल. साडूभाऊ सत्तरीला टेकलेले, धापा टाकताहेत, आणि वरून सासूबाईंचा आरडाओरडा, "अरे पाडशाल मना! दुसरा खुबा अजून चांगला हाय!" कशीबशी पाण्यात खुर्ची टेकवली. लाट म्हणावी असं काही नव्हतंच. पातळसं पाणी सरकत आलं आणि त्यांच्या पावलांवरून गेलं. त्यांचं ओरडणं एकदम थांबलं. साडूभाऊंनी ओंजळभर पाणी त्यांच्या हातात ओतलं, ते त्यांनी डोळ्यांना लावलं. "आले रं बाबा, आले," समुद्राला म्हणाल्या. त्या 'चला' म्हणेपर्यंत आम्ही दोघं दोन बाजूंनी खुर्ची धरून उभे होतो. माझी कंबर मोडत होती, पण मला अजून थोडं थांबावंसंच वाटत होतं.

गाडीपाशी पाय धुताना मी हळूच म्हणालो, "साडूभाऊ, चूक तर माझी होती. तुम्ही सांगितलं होतं मला."

ते पँटचे पाय पिळत होते. "असू दे हो," ते म्हणाले. "मला आई दोन दिवस बोलतील. तुम्हाला जन्मभर बोलल्या असत्या."

सासूबाई गेल्या पावसाळ्यात गेल्या. तोवर घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत राहिल्या, "आमचे मोठे जावय लय हुशार, पन एकदा हिसाब असा चुकला त्यांचा...", आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या. साडूभाऊही मान खाली घालून हसायचे. मी दर वेळी ठरवायचो, आज सांगून टाकू. चहाचा कप खाली ठेवायचो, घसा खाकरायचो, आणि समोरून साडूभाऊ नुसत्या डोळ्यांनी 'नको' म्हणायचे. आता ज्यांना सांगायचं त्याच नाहीत. म्हणून तुम्हाला सांगतो, त्यांचा हिशोब चुकला नव्हता.