माळ्यावर नेलेले अंथरूण

सत्य सांगायला धैर्य लागते. परंतु ऐकणाऱ्याच्या वयाला पेलेल असे सत्य सांगायला त्याहून अधिक काही लागते. त्याला वात्सल्य म्हणावे. भूगोलाच्या बाईंच्या ठायी ते उदंड होते, तरी एकदा त्यांचाही तोल गेला.

तापणारी हवा, वितळणारे हिम, चढणारा समुद्र हे सारे बाई गोष्टीतून शिकवीत. गोष्टीतले गाव त्यांनी मुलांच्याच गावासारखे रचले होते; तोच बंदराचा रस्ता, तीच उतारावरची शाळा. घंटा झाली की गोष्ट ऐन रंगात सोडायची, ही त्यांची जुनी खोड. दुसऱ्या दिवशी वर्ग आपणहून कान टवकारून बसे. एके दिवशी मात्र गोष्टीतले पाणी शाळेच्या उंबऱ्याला लागले, घंटा झाली आणि लगोलग सुट्टी लागली.

सुट्टी सरली, पण शिंप्याची धाकटी मुलगी गोष्टीला भिऊन शाळेत येईना. मुख्याध्यापकांनी सौम्य पण स्पष्ट शब्दांत बजावले, की पोर परतली नाही तर गोष्टी बंद. पाठ्यपुस्तक वाचून दाखवायचे. बाईंच्या जिवाला घोर लागला तो मात्र त्या पोरीला बसलेल्या भीतीचा. शाळा सुटताच त्यांनी शिंप्याचे घर गाठले.

शिंपी शिवणयंत्रावरून उठला. "बाई, हिनं अंथरूण माळ्यावर नेलंय. माझं कापडही नेलं, भिजेल म्हणून. गिऱ्हाइकांना काय सांगू, समुद्र येतोय?"

बाई हसल्या नाहीत. चपला काढून शिडी चढल्या आणि कापडाच्या ताग्यांमध्ये पोरीशेजारी बसल्या.

"बाई, पाणी शाळेत शिरलं का?"

खोटे बोलणे सोपे होते. "समुद्र खरंच चढतोय गं," त्या म्हणाल्या, "पण मुंगीच्या पावलांनी. गोष्टीत मीच घाईघाईनं त्याला पळवलं, ते चुकलं माझं. माणसांच्या हाती अजून वेळ आहे. त्या गावानं काय केलं असेल, सांग बरं."

किनाऱ्याला दाट झाडी लावली, धूर कमी केला, म्हाताऱ्यांची घरे आधी चढावर हलवली, असे ती चाचरत सांगू लागली. मग तिची भीड चेपली. शाळाही टेकडीवर नेली, म्हणाली, आणि चढून दमायला होते म्हणून मधली सुट्टी वाढवली. खाली यंत्र थांबवून ऐकणारा शिंपी खदखदून हसला.

दुसऱ्या दिवशी ती बाकावर दिसली आणि बाईंचा जीव भांड्यात पडला. उरलेली गोष्ट तिनेच वर्गाला सांगितली. मुख्याध्यापक दाराशी उभे राहून ऐकत होते; पाठ्यपुस्तकाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

बाई जाऊन आता वर्षे लोटली. त्या शाळेत हवामानबदल आजही गोष्टीतून शिकवला जातो आणि गोष्टीचा शेवट मुले सांगतात.